लोड आला की बसणारं इंजिन

आउटबोर्ड इंजिनाची सगळ्यात फसवी तक्रार कोणती, असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे: "न्यूट्रलला झकास चालतं, बोट भरली की बसतं." बंद पडलेल्या इंजिनाचं एक बरं असतं. पेट्रोल नाही, स्पार्क नाही किंवा कॉम्प्रेशन नाही, यांतलं काय ते थोड्या वेळात कळतं. लोडवर बसणारं इंजिन मात्र किनाऱ्यावर सगळ्या परीक्षा पास होतं. ड्रमात पाणी भरलं, खालचा पाय त्यात बुडवला, दोरी ओढली की पहिल्या ओढीला सुरू. रेस दिली की आवाज खणखणीत. मेकॅनिक हात पुसतो, पैसे घेतो आणि जातो. दुसऱ्या दिवशी तेच इंजिन आठ पर्यटक घेऊन देवबागच्या संगमाकडे निघतं. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर, मागची बाजू पाण्यात रुतलेली, मागे पांढऱ्या फेसाचा ढीग आणि वेग मात्र बेताचाच. तांडेल मुठीकडे बघतो, तर मूठ शेवटपर्यंत पिळलेली.

"काय झाला रे?"

"पिकअप घेणा नाय."

मग पुन्हा तोच मेकॅनिक येतो आणि पुन्हा कार्ब्युरेटर खोलला जातो. आपल्या किनाऱ्यावर कार्ब्युरेटर धुणं हा उपाय कमी आणि विधी जास्त झाला आहे. अधूनमधून गुण येतो, म्हणून विधी टिकून आहे. पण या प्रकरणात ज्या दोषाबद्दल बोलायचं आहे, त्यात कार्ब्युरेटरचा नंबर बराच नंतर लागतो, आणि पुष्कळदा तर दोष इंजिनातच नसतो. तिथवर कसं पोचायचं हे कळण्यासाठी आधी लोड म्हणजे नेमकं काय ते बघू.

पंखा पाण्यात फिरवायला लागणारी ताकद फेऱ्यांबरोबर सरळ वाढत नाही; ती साधारणपणे फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन धरा. मूठ पूर्ण पिळल्यावर ते मिनिटाला ५,५०० फेरे घेतं आणि तेव्हा त्याची सगळी चाळीस हॉर्सपॉवर पंखा खातो. हेच इंजिन निम्म्या फेऱ्यांवर, म्हणजे २,७५० वर आणलं तर त्याच पंख्याला लागते फक्त आठवा हिस्सा, म्हणजे पाच हॉर्सपॉवर. पाऊण फेऱ्यांवरही सतराच्या आसपास. याचा अर्थ असा की दोनपैकी एक सिलिंडर धड काम करत नसलेलं इंजिनसुद्धा अर्ध्या मुठीवर तक्रार न करता चालेल. तिथे त्याच्याकडे कुणी काही मागतच नाही. ड्रमात तर फेसाळलेल्या पाण्यात पंखा पोकळच फिरतो. न्यूट्रलमध्ये तोही नाही. किनाऱ्यावरच्या खणखणीत आवाजाला त्यामुळे काडीची किंमत नाही. लोडवरचा दोष लोडवरच शोधावा लागतो, म्हणजे बोटीत बसून, समुद्रात, मूठ पूर्ण पिळून. मेकॅनिक बोटीत बसायला तयार नसेल तर दुसरा मेकॅनिक बघावा.

दुसरी गोष्ट बोटीच्या स्वभावाची. हलकी फायबरची बोट सावकाश चालते तेव्हा पाणी कापत जाते आणि स्वतःच उठवलेल्या लाटेला ढकलत राहते. वेग वाढला की नाळ उचलते आणि बोट त्या लाटेच्या चढावर अडकते. या टप्प्यावर पाण्याचा विरोध एकदम वाढतो. इंजिनाने जोर लावून हा चढ पार केला की बोट पाण्यावर उठते, आडवी होते आणि तळाचा थोडाच भाग पाण्याला टेकवून पळू लागते. यालाच बोट प्लेन झाली म्हणतात. हा चढ पार झाला नाही, तर बोट तिथेच अडकून राहते. बावीस नॉटने पळणारी बोट सात-आठ नॉटवर येते, आणि मालकाला वाटतं की इंजिनाची दोन तृतीयांश ताकद गेली. प्रत्यक्षात पाव ताकद गेलेली असेल. कधी कधी त्याहूनही कमी. लक्षण मोठं आणि दोष लहान, हा इथला नेहमीचा प्रकार आहे. अशा वेळी "इंजिन उतरवायचं का?" हा प्रश्न फार लवकर विचारला जातो.

उलट बाजूनेही तसंच. इंजिनाची ताकद जराही कमी झाली नाही, पण बोट जड झाली, तरी हेच घडतं. म्हणून पहिली चौकशी बोटीची करायची. तळाला बार्नॅकल धरलेत का? बोट महिनाभर खाडीत उभी असली तर तळावरून हात फिरवला तरी कळतं. खरखरीत तळाने अख्ख्या इंजिनाचा दम काढलेला असतो. तळाच्या फळ्यांखाली पाणी साचलंय का? शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि ते बोट पुढे निघाली की नेमकं मागे धावतं, नाळ आणखी वर उचलतं. जुन्या फायबर बोटींत दोन थरांमध्ये भरलेला फोम असतो. एखाद्या स्क्रूच्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी मुरलं की तो फोम भिजून जड होतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. बोट नवी असताना पाण्याची रेघ कुठे होती आणि आता कुठे आहे, हे बघणं हा त्याचा सोपा पुरावा. गिऱ्हाईक वाढलं, डायव्हिंगचे सिलिंडर वाढले, वर छत बसवलं, मोठा आइसबॉक्स आला. हे सगळं सोसायचं असतं इंजिनानेच.

बोट निर्दोष निघाली तर इंजिनाला एकच प्रश्न विचारायचा: मूठ पूर्ण पिळल्यावर फेरे किती? याचं उत्तर कानाने देता येत नाही. आउटबोर्डचा आवाज वाऱ्यावर, झाकणावर आणि ऐकणाऱ्याच्या चिंतेवर अवलंबून असतो. प्लगच्या वायरीवर गुंडाळून फेरे दाखवणारे छोटे टॅकोमीटर मिळतात. दुरुस्तीच्या एका फेरीपेक्षा ते स्वस्त पडतात. इंजिनाच्या माहितीपुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलवर किती फेरे यायला हवेत याची मर्यादा छापलेली असते; अनेक फोर-स्ट्रोक इंजिनांत ती ५,००० ते ६,००० च्या दरम्यान, जुन्या टू-स्ट्रोकमध्ये बहुधा ४,५०० ते ५,५००. या एका आकड्यावर सगळ्या शोधाची दिशा ठरते. फेरे पुरते येतायत आणि बोट पळत नाही, तर ताकद वाटेत सांडते आहे. फेरेच चढत नाहीत, तर एक तर ताकद निर्माण होत नाही किंवा ओझं जास्त आहे.

पहिली शक्यता लवकर निकाली निघते, कारण तिथे गणित मदतीला येतं. पंख्यावर त्याचा पिच कोरलेला असतो. समजा १३ इंच. म्हणजे पाणी लोण्यासारखं घट्ट असतं तर पंखा एका फेऱ्यात १३ इंच पुढे गेला असता. खालच्या पायातले गिअर इंजिनाचे फेरे साधारण निम्मे करतात. इंजिन ५,५०० वर आणि गिअरचं प्रमाण दोनास एक असेल, तर पंखा मिनिटाला २,७५० फेरे घेतो. गुणाकार केला की ताशी ५४ किलोमीटर येतात. पाणी पातळ असल्यामुळे दहा-वीस टक्के निसटतातच, त्यामुळे ४४ ते ४९ मिळाले तर काहीच बिघडलेलं नाही. आता खिशातल्या मोबाइलच्या जीपीएसवर वेग बघा. फेरे ५,५०० आणि वेग ३० किलोमीटर दिसत असेल, तर इंजिन निर्दोष आहे. पंखा तरी घसरतोय, नाही तर हवा खातोय.

पंखा घसरतो तो मधल्या रबरामुळे. पंखा थेट दांड्यावर बसवलेला नसतो. मध्ये रबराची बुशी असते. खडकावर आपटलं तर तिने घसरावं आणि गिअर वाचावेत, हा त्यामागचा हेतू. पण एकदा घसरलेली बुशी पुढे प्रत्येक जोराला घसरते. सावकाश चालताना ती पकडून ठेवते. चढावर जोर आला की इंजिन एकदम किंचाळतं आणि बोट जिथल्या तिथे. ओळखायची युक्ती बिनपैशाची आहे. पंखा कोरडा पुसायचा आणि मागच्या बाजूने आतल्या बुशीवरून बाहेरच्या कडीपर्यंत ऑइल पेंटची एक सरळ रेघ मारायची. रंग वाळला की एक फेरी मारून यायचं. रेघ तुटून दोन तुकडे पुढेमागे झालेले दिसले तर बुशी गेली. नवी बुशी बसवली, की विषय संपला.

हवा खाणं वेगळं. इंजिन मागच्या फळीवर फार वर बसवलं असेल, ट्रिम, म्हणजे इंजिनाचा कल, फार बाहेर असेल किंवा वळणावर बोट कलली असेल, तर पंखा पृष्ठभागावरची हवा खाली ओढतो. पंख्याच्या वरची आडवी प्लेट हवा अडवण्यासाठीच असते. बोट पळत असताना ती पाण्याच्या पातळीच्या आसपास दिसायला हवी. मागच्या वर्षी बोट ठीक होती आणि यंदा इंजिन हवा खातंय, तर मधल्या काळात तळाला काय चिकटवलं ते बघावं. सेन्सरचा एक लहानसा डोळा पंख्याच्या समोर बसवला तरी त्याच्यामागून निघणारे बुडबुडे थेट पंख्यात जातात.

आता अवघड बाजू. फेरेच चढत नाहीत. ५,२०० यायचे तिथे ३,६०० वर अडतात.

सगळ्यात आधी झाकण काढा, इंजिन बंद ठेवा, एकाला मूठ किंवा लिव्हर पूर्ण पुढे करायला सांगा आणि स्वतः कार्ब्युरेटरकडे बघा. आतली पाकळी पूर्ण उघडली का? केबल ताणली जाते, खाऱ्या हवेने आत गंजते, टोकाचा स्क्रू सैल होतो. मूठ शंभर टक्के आणि पाकळी सत्तर टक्के, अशी इंजिनं पुष्कळ सापडतात. या तपासणीला हत्यार लागत नाही. म्हणूनच बहुधा ती कुणी करत नाही.

पंखा बदललाय का, हेही विचारून घ्या. जास्त पिचचा पंखा लावला की वेग वाढेल, या समजुतीपायी कितीतरी इंजिनं दबून चालतात. एक इंच पिच वाढवला तर साधारण १५० ते २०० फेरे पडतात. दोन-तीन इंच वाढवले तर चढ पार होणंच थांबतं. उंचीचाही परिणाम होतो. मालवणात व्यवस्थित चालणारी बोट तापोळ्याला नेली, तर कोयनेच्या शिवसागर जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटर आहे. हवा विरळ, म्हणून इंजिनाची सहा-सात टक्के ताकद तिथे नुसत्या उंचीत जाते. तिथे कमी पिचचा पंखाच हवा.

हे सगळं झालं की इंधन. लोडवर बसणाऱ्या इंजिनांत सगळ्यात जास्त गुन्हेगार याच वाटेवर सापडतात आणि त्याचं कारण पुन्हा आकड्यांत आहे. चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण थ्रॉटलवर ताशी पंधरा लिटरच्या आसपास पेट्रोल पितं. आयडलला दीड लिटरही नाही. नळीत, गाळणीत, पंपात कुठेही अडथळा असला आणि तिथून ताशी आठ लिटरच जात असलं, तर किनाऱ्यावर ते कळायची काही सोयच नाही. अर्ध्या मुठीवरही नाही. पूर्ण पिळली की पहिले दहा-पंधरा सेकंद इंजिन जोरात उचलतं, कारण कार्ब्युरेटरच्या वाटीत साठा भरलेला असतो. वाटी संपली की बसतं. मूठ सोडली, पुन्हा वाटी भरली, पुन्हा उचलतं. "आधी घेतं आणि मग सोडतं," असं कुणी सांगितलं तर बाकी काही ऐकायच्या आधी टाकीपासून सुरुवात करावी.

टाकीच्या झाकणावर हवेचा स्क्रू असतो. बोट वाहून नेताना तो आवळतात आणि नंतर सोडायचं राहून जातं. इंजिन पेट्रोल ओढतं, आत हवा येत नाही, टाकीत पोकळी तयार होते. सरबताच्या प्लास्टिकच्या बाटलीला तोंड लावून ओढत राहिलं की बाटली चेपते, तसंच. झाकण सैल करताना हवा 'स्स' करून आत गेली तर दोष तिथेच सापडला. बंद टाकी असलेल्या बोटींत हवेची नळी बाहेरच्या बाजूला निघते आणि तिच्या तोंडात गांधीलमाश्या मातीचं घर करतात.

त्यापुढे नळीवरचा रबरी बल्ब. हा हाताने दाबून पेट्रोल भरायला असतो, पण निदानासाठी त्याच्याइतकं चांगलं यंत्र बोटीवर दुसरं नाही. दोन माणसं हवीत. एक सुकाणूवर, किल कॉर्ड मनगटाला अडकवलेली, समोर मोकळं पाणी. दुसरा मागे, बल्ब हातात धरून. मूठ पूर्ण पिळायची, बोट चढावर अडकेपर्यंत थांबायचं, आणि इंजिन बसायला लागलं की मागच्याला सांगायचं, "दाब!" त्याने बल्ब भराभर दाबायचा. इंजिनाने पुन्हा जोर धरला, नाळ खाली येऊ लागली, तर निकाल लागला: आग आहे, स्पार्क आहे, कॉम्प्रेशन आहे; पेट्रोल पोचत नाही. काहीच फरक पडला नाही तर पुरवठ्यावरचा संशय कमी होतो. इंजिन आणखी गुदमरलं, काळा धूर आला, तर पेट्रोल कमी नसून जास्त होतंय.

बल्ब काय सांगतोय ते हातालाही कळतं. चेपून सपाट झालेला बल्ब म्हणजे अडथळा त्याच्या मागे, टाकीच्या बाजूला: हवेचा स्क्रू, टाकीतली जाळी, पिळलेली नळी. दगडासारखा घट्ट बल्ब आणि उपाशी इंजिन, तर अडथळा बल्बच्या पुढे. मऊ, लुळा आणि कितीही दाबला तरी घट्ट न होणारा बल्ब म्हणजे कुठून तरी हवा शिरते आहे, बहुधा कनेक्टरमधल्या छोट्या ओ-रिंगमधून. तिथून पेट्रोल बाहेर गळताना दिसेलच असं नाही, कारण ओढीच्या वेळी हवा आत जाते, पेट्रोल बाहेर येत नाही. पारदर्शक नळीचा फूटभर तुकडा मध्ये जोडला तर बुडबुड्यांची माळ डोळ्यांनी दिसते. नीट कारखान्यांत याच जागी व्हॅक्यूम गेज लावतात. पूर्ण थ्रॉटलवर चार इंच पाऱ्याच्या वर ओढ दिसली की पंपाच्या मागे वाट तुंबली आहे, असं धरतात.

एक दोष या सगळ्यांतून निसटतो. जुन्या नळीचं आतलं अस्तर सुटतं. बाहेरून नळी धडधाकट, फुंकून बघितली तर हवा जाते. पण पूर्ण ओढीला अस्तर आत कोसळतं आणि वाट बंद करतं. मूठ सोडली की पुन्हा उघडतं. याचा सगळ्यात स्वस्त तपास म्हणजे शेजाऱ्याकडून चालू स्थितीतली २४ लिटरची लाल टाकी तिच्या नळी-बल्बसकट मागून आणायची आणि तिच्यावर एक फेरी मारायची. इंजिन पळालं तर इंजिन खोलायचं काही कारण उरलं नाही. एवढी निर्णायक परीक्षा दुसरी नाही. पुन्हा एकदा सांगतो, ही परीक्षा कार्ब्युरेटर खोलायच्या आधी करायची.

पंपाचं थोडक्यात. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर एक पातळ पडदा हलतो आणि पेट्रोल ढकलतो. पडदा कडक झाला किंवा सुईएवढं भोक पडलं की आयडलपुरतं पेट्रोल मिळतं, लोडपुरतं नाही. त्यात गंमत अशी की त्याच भोकातून कच्चं पेट्रोल एका सिलिंडरात शिरतं, मग एका प्लगवर ओल दिसते आणि माणूस स्पार्कच्या मागे लागतो.

आता त्या कार्ब्युरेटरचं. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत, आणि पर्यटनाच्या बोटींत त्याहून जास्त काळ, पेट्रोल वाटीतच राहतं. हलका भाग उडून जातो, मागे चिकट राळ उरते. म्हणून नारळी पौर्णिमेनंतर धुण्याचा हंगाम सुरू होतो. पण राळ आधी बंद करते ते आयडलचं बारीक भोक. मोठ्या जेटचं भोक त्याच्या कितीतरी पट मोठं असतं. राळेने मार खाल्लेलं इंजिन आधी आयडलला मरतं, चोकशिवाय राहत नाही. तुमचं इंजिन आयडलला गुळगुळीत आणि वरतीच बसत असेल, तर राळ हा पहिला संशयित नाही. मोठ्या जेटवर कचरा, गंजाचा कण किंवा पाण्याचा थेंब अडकलेला असू शकतो. त्याची चाचणी चोकने होते: इंजिन बसत असताना चोक क्षणभर अर्धा ओढला आणि जोर आला, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. आणि जेट खोललाच, तर तारेने टोचू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं, आणि मग तो जेट कायमचा चुकीच्या मापाचा.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर इथेनॉलचं बोललं पाहिजे. आपल्या पंपांवर २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. मोठ्या आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिकांत मात्र इथेनॉलची मर्यादा दहा टक्के लिहिलेली आढळते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा ऊर्जा कमी, आणि ते जुन्या नळ्या-पडद्यांचं रबर मऊ करतं. किनाऱ्यावर त्याहून त्रासदायक गुण म्हणजे ते पाणी शोषतं. दहा टक्क्यांच्या मिश्रणात अर्धा टक्का पाणी मुरलं की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याबरोबर तळाला बसतं. वीस टक्क्यांचं मिश्रण आणखी थोडं जास्त पाणी धरून ठेवतं, पण तेही शेवटी फुटतंच. टाकीतली ओढनळी तळापर्यंत पोचते, म्हणून इंजिनाला आधी तोच थर मिळतो. गाळणीची वाटी सोडवून काचेच्या बाटलीत ओता आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करायची. वरून ताजं पेट्रोल ओतून तो थर पुन्हा मिसळत नाही. शक्यतो पेट्रोल बोटीत फार काळ साठवून ठेवू नये आणि इंजिनात जाणारं सगळं पेट्रोल पाणी अडवणाऱ्या फिल्टरमधून जावं.

टू-स्ट्रोकमध्ये इथे एक धोका आहे आणि तो मी तरी हलक्यात घेणार नाही. ५०:१ मिश्रणात, म्हणजे लिटरला २० मिली, तेल पेट्रोलबरोबरच सिलिंडरात जातं. पेट्रोल कमी पडलं की तेलही कमी पडतं आणि त्याच वेळी आतलं तापमान वाढतं. "चालतंय तोवर चालवू" म्हणत बसणारं इंजिन पूर्ण थ्रॉटलवर रेटत राहिलं, तर पिस्टन वितळतो. शंका आली तर पूर्ण पिळलेल्या स्थितीतच इंजिन एकदम बंद करा आणि प्लग काढून बघा. विटकरी-तपकिरी टोक ठीक. काळं-ओलं म्हणजे पेट्रोल जास्त किंवा स्पार्क कमी. पांढरंफटक म्हणजे भूक. आणि टोकावर चंदेरी बारीक कण चिकटलेले असतील, तर ते तुमच्या पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. बोट ओढून आणायची, इंजिन पुन्हा सुरू करायचं नाही.

इंधन सुटलं की स्पार्क. प्लग बाहेर काढून बॉडीला टेकवला आणि निळी ठिणगी दिसली, एवढ्यावर स्पार्कला निर्दोष ठरवतात. हेही ड्रमातल्या इंजिनासारखंच. उघड्या हवेत ठिणगी सहज उडते. सिलिंडरात मूठ पिळल्यावर दाब कितीतरी पट असतो आणि तेवढ्याच फटीतून उडी मारायला खूप जास्त व्होल्टेज लागतं. कमकुवत कॉइल आयडलला पुरते, लोडवर चुकते. म्हणून फट मोठी करता येणारा स्पार्क टेस्टर वापरतात. सीडीआय, म्हणजे स्पार्क देणारं इलेक्ट्रॉनिक युनिट, असलेल्या इंजिनांत अकरा मिलिमीटरची फट ओलांडता आली पाहिजे. खाऱ्या हवेने प्लगच्या टोप्यांमधून गळती होते, ती अंधारात झाकण काढून बघितली तर निळसर दिसते. कॉइल थंडपणी नीट आणि वीस मिनिटांनी तापल्यावर चुकणारी असेल, तर ती तापल्यावरच तपासावी लागते. कुठला सिलिंडर आळशी आहे हे एकेकाचा स्पार्क बंद करून बघतात: ज्याचा बंद केल्यावर फेरे पडतच नाहीत, तो आधीपासूनच काम करत नव्हता. वायर मात्र नुसती उपसून लोंबकळत ठेवू नये. ती इंजिनाच्या बॉडीला जोडावी, नाही तर सीडीआय जळू शकतो आणि एकाच्या जागी दोन दोष होतात.

कॉम्प्रेशन शेवटी, पण टाळू नये. सगळे प्लग काढायचे, स्पार्क बंद करायचा, थ्रॉटल पूर्ण उघडायचा आणि गेज लावून दोरी ओढायची. किती आकडा आला यापेक्षा सिलिंडरांमध्ये फरक किती, हे महत्त्वाचं. दहा टक्क्यांच्या आत असेल तर पुढे जा. एक १२० आणि दुसरा ८५ असेल, तर मात्र वरच्या सगळ्या युक्त्या बाजूला ठेवून इंजिन उतरवायचीच वेळ आली.

नव्या इंजिनांत आणखी एक प्रकार आढळतो. इंजिन जास्त तापलं किंवा तेलाचा दाब पडला की कॉम्प्युटर स्वतःच फेरे खाली आणतो आणि दोन-तीन हजारांच्या वर जाऊ देत नाही. मालक पिकअपच्या नावाने बोंबलतो आणि बझरची वायर कधीचीच कापलेली असते. पाण्याची धार बारीक झाली का, खालच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटली का, पंपातला रबरी इंपेलर शेवटचा कधी बदलला? वाळूवरून बोट ढकलणाऱ्यांचा इंपेलर लवकर झिजतो, कारण तो पाण्याबरोबर वाळूही उपसतो. इंपेलर दर मोसमाला बदलावा, झिजलेला दिसो न दिसो.

मेकॅनिककडे जाल तेव्हा "पिकअप नाही" एवढंच सांगू नका. किती माणसं होती, मूठ पूर्ण पिळल्यावर फेरे किती आले, जीपीएसवर वेग किती दिसला, बसायला सुरुवात झाल्यावर बल्ब दाबला तर काय झालं आणि दुसऱ्या टाकीवर चालवून बघितलं का, एवढं एका कागदावर लिहून न्या. कागद वाचल्यावरही त्याने थेट कार्ब्युरेटरला हात घातला, तर का घातला ते विचारा.